आंब्याखालची हिरवळ

महाराष्ट्रात हल्ली लग्न जिथे लागतं त्या जागेला 'लॉन्स' म्हणतात. पूर्वी मंगल कार्यालय म्हणत. तिथे निदान कार्य तरी होत असे, आणि ते मंगल आहे अशी दोन्ही पक्षांची समजूत असे. लॉन्समध्ये हिरवळ असते असं मी ऐकून आहे. पाहिलेली मात्र नाही, कारण लग्नाच्या दिवशी तिच्यावर हिरव्या रंगाचा गालिचा अंथरलेला असतो. खऱ्या हिरवळीवर खोटी हिरवळ पसरायची, तिच्यावर खुर्च्या मांडायच्या, डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून कापडाचा मांडव घालायचा आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणायचं, 'काय मोकळं वाटतं नाही!'

ह्या लॉन्सनी वऱ्हाडी मंडळींचं जेवण किती गार केलं हा वेगळा विषय आहे. पण त्यांनी घरोघरच्या अंगणांची शांतता घालवली हे नक्की. आमच्याकडे ही साथ माझ्या मेहुण्यांच्या मुलीच्या लग्नातून आली. परत येताना रिक्षात सौभाग्यवती बराच वेळ गप्प होती. माझ्या संसारातल्या सगळ्या मोठ्या खर्चांची सुरुवात अशाच शांततेने झालेली आहे. घराशी उतरता उतरता ती म्हणाली,

"अहो, आपल्या अंगणात का नाही हो हिरवळ?"

आपलं अंगण म्हणजे तीस फूट बाय वीस फूट. पुण्यात आज ह्या आकाराच्या जागेला अंगण म्हणत नाहीत, 'डेव्हलपमेंट पोटेन्शियल' म्हणतात. त्याच्या बरोबर मध्यावर आंबा आहे. 1968 साली वडिलांनी खाल्लेल्या एका रायवळ आंब्याची कोय तिथे पुरली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. पुढे आम्ही दोघंही वाढलो, तो जास्त. आता त्याचा घेर असा आहे की भर मे महिन्यात दुपारी बारा वाजता अंगणात दिव्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. फळ आंबट आहे, लोणच्याला उत्तम. आणि बुंध्यापासून कुंपणापर्यंत सगळी जमीन उघडी. शेजारी तिला सौजन्याने 'मोकळी जागा' म्हणत. सौभाग्यवती तिला टक्कल म्हणू लागली आणि म्हणताना माझ्याकडे पाहू लागली.

आमचे मेहुणे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. ज्या विषयाची फाइल आयुष्यात कधी त्यांच्या टेबलावर आली नाही, त्या प्रत्येक विषयाचे ते आता तज्ज्ञ आहेत. रविवारी सकाळी ते आले, अंगणाच्या चारही बाजूंनी फिरले आणि म्हणाले, "भाऊजी, काही प्रश्नच नाही. बर्म्युडा टाकून देऊ."

मला बर्म्युडा म्हटलं की जहाजं गडप होतात तो त्रिकोण आठवतो. मी तसं म्हटलंही. ते फक्त हसले. आठवड्याभरात एका टेंपोतून हिरव्या चादरी आल्या. गवताचे हे तुकडे चौरस फुटाच्या भावाने मिळतात आणि फरशीसारखे जोडून बसवतात. संध्याकाळपर्यंत अंगण असं दिसू लागलं की पोस्टमन चप्पल काढून आत आला.

ह्या बर्म्युडाची कुळकथा मला पुढे आमच्या माळीबुवांकडून कळली. माळीबुवा म्हणजे आठवड्यातून दोनदा गल्लीतल्या सगळ्या बागांचा समाचार घेणारे गृहस्थ. त्यांनी वाकून एक काडी उपटली, दातात धरली आणि म्हणाले, "सायेब, ही तर हरळी!"

आणि ती हरळीच होती. बर्म्युडा ग्रास, हरळी आणि गणपतीला वाहतो ती दूर्वा, ही तिन्ही एकाच वनस्पतीची नावं आहेत. शास्त्रज्ञ तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. ही हरळी शेतातून काढून टाकण्यात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या खपल्या. माळीबुवांच्या वडिलांनी सबंध आयुष्य ती फुकट उपटली होती. आमच्याकडे ती पैसे मोजून, टेंपोने, पाहुणीसारखी आली. नाव बदलून परदेशी घेतलं की भाव वाढतो हे माणसांपुरतंच खरं आहे असं मी समजत होतो.

पहिला आठवडा ती हिरवीगार होती. दुसऱ्या आठवड्यात तिला ग्लानी आली. मेहुण्यांनी पाणी वाढवलं. तिसऱ्या आठवड्यात ती पिवळी पडली. मेहुण्यांनी खत वाढवलं. सहाव्या आठवड्यात अंगणाला पुन्हा टक्कल पडलं. कानशिलावर केस राहावेत तशी कुंपणाकडेला, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे, तेवढी एक झालर शिल्लक होती. आणि त्याच सुमाराला फाटकाबाहेर, रणरणत्या उन्हात, फुटपाथच्या दोन फरश्यांच्या फटीत, कोणी पाणी घातलेलं नसताना, हरळीचा एक झुबका असा काही डोलत होता की मेहुण्यांनी त्या बाजूने यायचंच सोडलं.

ह्यात हरळीचा काही दोष नाही. ती उन्हाची लेक आहे. तिला रोज निदान सहा तास स्वच्छ ऊन लागतं, आठ मिळालं तर आनंद. झाडाखाली तिला काय मिळतं? पानांना स्वयंपाकासाठी मुख्यत: तांबडा आणि निळा प्रकाश लागतो. आंब्याची वरची पानं पहिल्या पंगतीला बसून तो वाढून घेतात. त्यांतून निसटलेला त्यांच्या खालची पानं घेतात. शेवटी जमिनीवर पोचतं ते उष्टं-खरकटं. शिवाय जमिनीतही तीच गत. मोठ्या झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं पाताळात नसतात. ती वरच्या फूट-दीड फूट मातीतच जाळ्यासारखी पसरलेली असतात. म्हणजे आपण गवताला घातलेलं पाणीही आंबाच पितो. ह्या सहा आठवड्यांत आंब्याला मात्र भरघोस पालवी फुटली. सावली आणखी दाट झाली.

मेहुणे हरणारे नव्हेत. दुसऱ्या खेपेला त्यांनी सावलीत वाढणारं म्हणून रुंद पात्याचं एक गवत आणवलं. असं गवत असतं, ह्यात फसवणूक नाही. पण सावली सोसणारं गवतही तीन-चार तास उन्हाची अपेक्षा ठेवतंच. बिनउन्हाचं गवत ही बिनसाखरेच्या बासुंदीसारखी गोष्ट आहे. दोन महिन्यांनी तेही निवर्तलं.

तेव्हा मेहुण्यांनी तिसरा आणि मूलगामी विचार मांडला. दोष गवतात नसून झाडात आहे. "भाऊजी, वरच्या चार मोठ्या फांद्या उतरवल्या की लख्ख ऊन पडेल. नाहीतरी आंबे आंबटच आहेत."

इथवर मी हे सगळं वर्तमानपत्राआडून पाहत होतो. आता ते खाली ठेवलं. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांच्या जतनासाठी 1975 सालापासून कायदा आहे. स्वत:च्या अंगणातलं, स्वत:च्या बापाने लावलेलं झाड तोडायलाही परवानगी लागते. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं आणि त्यापुढच्या झाडांना 'हेरिटेज' असा खास दर्जा मिळाला. हे मी मेहुण्यांना सांगितलं. सरकारी नियम म्हटल्यावर त्यांचा चेहरा माहेरच्या माणसासारखा उजळला. अर्ज कसा करायचा हे ते मलाच समजावू लागले. माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा आंबा सरकारदरबारी हेरिटेज झाला. माझ्याबद्दल घरात अजून तसा शब्द कोणी वापरलेला नाही. जो वापरतात तो जुन्या फर्निचरलाही चालतो.

कायद्यापेक्षा मोठी अडचण झाडाखाली बसलेली होती. आई पंचाऐंशीच्या पुढे आहे. दुपारी जेवण झालं की तिची वेताची खुर्ची आंब्याखाली जाते. ती तिथे वाती वळते, शेंगा सोलते, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची नावं ओळखते आणि मधूनच डोळे मिटून घेते. वडील गेल्यावर तिने ह्या झाडाबद्दल एक अक्षरही वेगळं काढलेलं नाही. फक्त खुर्ची, जी पूर्वी ओसरीवर असायची, ती तेव्हापासून झाडाखाली जायला लागली. आम्ही कोणी त्याबद्दल विचारलं नाही. आमच्या घरात अशा गोष्टी विचारत नाहीत. खुर्ची उचलून नेऊन ठेवतात.

मेहुणे हातवारे करून कुठल्या चार फांद्या ते सौभाग्यवतीला दाखवत होते. आईने शेंगा सोलता सोलता वर न पाहता विचारलं, "काय पाहिजे म्हणतात ते?"

"ऊन, आई," मी म्हटलं.

"मग रस्त्यावर जावं की. फुकट मिळतं."

शेंगा सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला. मेहुण्यांचा उंचावलेला हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी तो खिशात घातला. सौभाग्यवतीने एकदा त्या चार फांद्यांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या बरोबर खाली असलेल्या खुर्चीकडे पाहिलं, आणि "चहा टाकते" म्हणून आत गेली. आमच्याकडे ठराव असाच नामंजूर होतो.

त्या दिवसापासून हिरवळ ह्या विषयावर मी थोडं वाचलं. ही हौस मूळची विलायतेतली. तिथे बारा महिने भुरभुर पाऊस, ऊन बेताचं, हवा गार. तिथलं गवत कोणी न लावताच वाढतं आणि त्यावर मेंढ्या सोडल्या की आपोआप कापलंही जातं. पुढे 1830 साली एडविन बडिंग ह्या इंग्रज कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरीच्या कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन ह्यांनी तर 1899 सालच्या आपल्या पुस्तकात हिरवळीची पार सालटीच काढली आहेत. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की हिरवळ म्हणजे मुळात गाईचं कुरण. पण दारात गाय बांधली तर ती दूध देते, उपयोगी पडते, आणि उपयोगी वस्तूने श्रीमंती दिसत नाही. म्हणून गाय हाकलायची आणि कुरण ठेवायचं.

आता विचार करा. ज्या देशात ऊन पडलं की लोक आनंदाने अंगरखे काढून गवतावर पसरतात, त्या देशाची ही हौस. आपल्याकडे ऊन पडलं की माणूस झाड शोधतो. आपल्या आशीर्वादांत, नात्यांत, कृतज्ञतेत सगळीकडे सावली आहे. वडिलांची सावली, डोक्यावरची सावली. 'तुमच्या डोक्यावर कायम लख्ख ऊन राहो' असा आशीर्वाद कोणी दिला तर आपण त्याला पुन्हा नमस्कार करणार नाही. तरी पन्नास वर्षं वाढवलेली सावली बोडकी करून तिथे हरळीला ऊन द्यायला आपण निघतो.

आणि सावलीत काही होत नाही हेही खरं नाही. जपानात क्योतो शहरात साइहोजी नावाचा मठ आहे. 1339 साली मुसो सोसेकी ह्या झेन गुरूंनी त्याची नव्याने उभारणी केली. तिथल्या बागेत झाडांखाली सगळीकडे शेवाळ आहे; सव्वाशेच्या आसपास जातींचं, मखमलीसारखं. गंमत म्हणजे ते कोणी लावलेलं नाही. काही शतकांनी मठाकडे बाग सांभाळायला पैसे उरले नाहीत, तेव्हा दमट सावलीत शेवाळ आपलं आपण पसरलं. आज तीच बाग पाहायला जगभरातून लोक येतात, आणि 1977 सालापासून तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय प्रवेश नाही. पावसाळ्यात आमच्या मागच्या भिंतीवर असंच शेवाळ येतं. आम्ही ते दरवर्षी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो. परवानगीही लागत नाही.

पुण्यात दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा शेवाळाचा नाद आम्हांला परवडणारा नव्हता. मी माळीबुवांना विचारलं, "ह्या आंब्याखाली काय येईल?" इतक्या महिन्यांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि मग अर्धा तास ते बोलत होते.

त्यांचा पहिला नियम असा की झाडाखाली कुदळ चालवायची नाही. मुळं तुटली की झाडाला तोटा. वरून मातीचा भर घालूनही सपाटी करायची नाही. मुळांचा श्वास कोंडतो. मुळा-मुळांच्या मधे जिथे हाताने माती निघते, तिथे ओंजळीएवढे खड्डे करायचे आणि लहान रोपं लावायची. ती पावसाच्या सुरुवातीला लावली की पाण्याची काळजी कमी. पण पहिल्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, त्यांना पाणी घालावं लागतं, कारण आंब्याशी पैज लावण्याएवढं बळ त्यांच्यात नसतं.

दुसरा नियम असा की सावली दोन प्रकारची, कोरडी आणि ओली. बुंध्याजवळची कोरडी. तिथे पाऊसही नीट पोचत नाही. तिथे त्यांनी स्पायडर प्लांट लावलं. हे नाव ऐकून मी दचकलो, पण पावसाळ्यात सह्याद्रीत उगवणारी फोडशीची भाजी असते ना, तिचंच हे भाऊबंद. शेजारी जांभळ्या पोटाच्या पानांचा रिओ, आणि कडेला सापासारख्या पट्ट्यांची ती उभी पानं, जिला इंग्रजीत 'सासूची जीभ' म्हणतात. हे भाषांतर मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही. मनीप्लांट बुंध्याभोवती जमिनीवर सोडला. तो जमिनीवर असतो तोवर गरिबासारखी लहान पानं काढतो आणि झाडावर चढला की पानं सुपाएवढी करतो. माणसाचं नाव त्याला योग्यच मिळालं आहे म्हणायचं, की त्याचं माणसाला, कोण जाणे.

ज्यांना हिरवळीचाच भास हवा असेल त्यांच्यासाठी मोंडो ग्रास असतं. नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे. शतावरीच्या कुळातलं आहे. काळपट हिरव्या बारीक पात्यांचे त्याचे झुबके सावलीत सुखाने राहतात, कापावे लागत नाहीत. फक्त ते पसरतं फार सावकाश. फाटकाकडेला चार ओळी लावल्या. सौभाग्यवती त्यालाच लॉन म्हणते. मी विरोध करत नाही.

ओली सावली म्हणजे मोरीचं पाणी जातं तो कोपरा. तिथे काय लावायचं हे माळीबुवांनी सांगायच्या आधीच आई खुर्चीतून म्हणाली, "अळू." आणि मला एकदम आजोळचं परसू आठवलं. न्हाणीचं पाणी जिथे वाहायचं तिथे अळू, त्यापलीकडे सोनटक्का, फणसाखाली हळद आणि आलं. कोकणात आजही नारळी-पोफळीच्या सावलीत हळद घेतात. त्या बायकांपैकी कोणी 'शेड गार्डन' हा शब्द ऐकलेला नव्हता. सांडपाणी फुकट जाऊ नये आणि सावली रिकामी राहू नये एवढंच त्यांना कळत होतं.

राहिलेल्या जागेत, जिथे माणसं चालतात आणि खुर्ची बसते, तिथे काही लावायचंच नाही असा माळीबुवांचा तिसरा नियम. शहाबादी फरशीचे तुकडे सिमेंट न घालता नुसत्या वाळूवर, मधे चार बोटं फट ठेवून बसवले. पाणी जिरतं, मुळांना हवा लागते. बाकी सगळीकडे आंब्याचाच पाचोळा दोन-तीन इंच जाडीचा. बुंध्याला मात्र तो टेकू द्यायचा नाही, साल कुजते. पूर्वी आम्ही हा पाचोळा रोज झाडून, भरून, घंटागाडीला देत होतो आणि मग खताची पोती विकत आणत होतो. आता तो आहे तिथेच राहतो, ओल धरतो आणि वर्षभरात माती होऊन जातो. त्यामुळे रोज सकाळचा माझा एकमेव व्यायाम बंद झाला, हे तेवढं वाईट झालं.

एक गोष्ट मात्र लहान मुलं आणि मांजरं-कुत्री असलेल्या घरांनी ध्यानात ठेवावी. मनीप्लांटची पानं चघळायची नसतात. अळूने घसा खाजतो तो ज्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच ह्यातही असतात. अळूला आपण चिंच घालतो, शिजवतो आणि वर मुळा-दाणे घालून पंक्तीला वाढतो. मनीप्लांटची फतफतं करायची पद्धत नाही.

ह्या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. अंगण भरून गेलं आहे. ते लॉन्ससारखं दिसत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या देवराईचा तुकडा फाटकातून आत येऊन बसल्यासारखं दिसतं. पोस्टमन आता चपला काढत नाही, उलट त्याला पाच मिनिटं टेकावंसं वाटतं. मेहुणे परवा त्यांच्या मित्राला घेऊन आले होते. "मी भाऊजींना पहिल्यापासून सांगत होतो," असं त्यांचं वाक्य मी ओसरीवरून ऐकलं. काय सांगत होते ते ऐकू आलं नाही, कारण तेवढ्यात आईने सौभाग्यवतीला हाक मारली. अळूची पानं तयार झाली होती, ह्या रविवारी फतफतं होऊ दे, आणि भावालाही जेवायला थांबवून घे, असा निरोप होता.

सोनटक्क्याला पहिली कळी आली आहे. संध्याकाळी वास सुटतो. आई हल्ली दिवेलागण झाली तरी खुर्ची आत घ्यायला सांगत नाही.